फिलिपाइन्सचा निकाल, मुक्काम औरंगाबाद

तीसेक वर्षं मी औरंगाबादेत उभी राहून अमेरिका शिकवली आणि अमेरिकेत एकदाही पाऊल ठेवलं नाही. शेजारणी अजून विचारतात, "मग त्यांचं राजकारण तुम्हाला कसं काय कळतं हो?" मी म्हणते, तुमच्या जावेच्या घरातलं तुम्हाला कळतं ना, तसंच. घरात न जाताही कोण कुणाच्या वाटणीवर डोळा ठेवून आहे ते बाहेर उभं राहून नीट दिसतं. उलट बाहेरूनच जास्त नीट दिसतं.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं. मी नोकरी केली ती औरंगाबादेत, म्हणून या लेखात तेच नाव येणार, संपादकांनी समजून घ्यावं.

आमच्या कॉलेजात एम. ए.ला इतिहासाचा एक ऐच्छिक पेपर होता, अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाचा. आपल्या घरापुरतं बघणारा एक देश जगाचा कारभारी कसा होऊन बसला, त्याची हकिगत. ऐच्छिक म्हणजे कुणाचीच इच्छा नसलेला. मराठ्यांचा इतिहास घेतला की मार्क पडतात अशी समजूत होती, त्यामुळे तिकडे बसायला जागा नसे. उशिरा आलेली, बस चुकलेली, कुणी काही सांगितलेलं नसलेली मंडळी माझ्याकडे येत. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड, पैठण. एसटीतून उतरायची ती थेट अमेरिकेत.

या धंद्यातली अडचण अशी की माल दाखवता येत नाही. औरंगपुऱ्यातला कापडवाला ठाण उलगडून टाकतो, गिऱ्हाईक बोटांनी चोळून बघतं. मी काय उलगडणार? परराष्ट्र धोरण हा शब्द नुसता फळ्यावर लिहिला तरी मागच्या बाकावर जांभई निघायची. मग मी पहिल्या दिवशी विचारायची, "बहात्तरच्या दुष्काळात मिलो कुणी खाल्लाय?" सगळे हात वर. त्या लाल ज्वारीची भाकरी, घशाखाली उतरत नसे, सगळ्यांना आठवायची. "कुठून आला होता मिलो?"

"रेशनच्या दुकानातून!"

"आणि दुकानात कुठून?"

मी म्हणायची, "अमेरिकेचं परराष्ट्र धोरण तुमच्या पोटात जाऊन आलंय रे. आता ते डोक्यात घालायचं एवढंच राहिलंय." त्यानंतर जांभया कमी होत.

मग मी सुरुवातीपासून सांगायची. आपण बरं आणि आपलं घर बरं, युरोपच्या भांडणात पडायचं नाही, आणि युरोपनं आमच्या खंडात नाक खुपसायचं नाही, असं अमेरिका बरीच वर्षं म्हणत होती. मग एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची जमीन भरली, कारखाने वाढले, माल घरात मावेना आणि नजर कुंपणाबाहेर गेली. क्यूबाच्या बंदरात त्यांची एक लढाऊ बोट स्फोट होऊन बुडाली, वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि अमेरिका स्पेनशी लढायला उभी राहिली. काही महिन्यांत स्पेन आडवा. लढाई मुख्यतः क्यूबासाठी, पण हातात आली जगाच्या दुसऱ्या टोकाची फिलिपाइन्सची बेटं! राष्ट्राध्यक्षांना म्हणे ती नकाशावर पटकन सापडेनात. गंमत पुढेच आहे. बेटावरचे लोक आधीपासून स्पेनशी लढत होते, त्यांनी स्वतःचा झेंडासुद्धा उभारला होता. आता त्यांचं काय करायचं? मोकळं सोडायचं की ठेवून घ्यायचं? तह झाला, तो वॉशिंग्टनला सिनेटसमोर आला, आणि मंजुरीला हवी होती दोन तृतीयांश मतं.

इथं आलं की माझा आवाज चढायचा. आजही चढतो, घरातले लोक पंखा बंद करून माझ्याकडे बघतात. आमच्या वर्गाखाली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथले सर एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "मॅडम, आमच्या बेडकांनासुद्धा स्पेनचं युद्ध पाठ झालंय."

कारण याच ठिकाणी तो देश एक वळण घेत होता आणि घेणाऱ्यांनाही त्याची धास्ती वाटत होती. तिथल्या मोठमोठ्या माणसांनी विचारलं, आपण स्वतः परक्या राजाविरुद्ध बंड करून जन्मलो, आता आपणच कुणाचे राजे कसे होणार? दुसरे म्हणाले, आपण सोडलं तर उद्या दुसरं कुणी गिळेल, मग त्या लोकांचं भलं कोण करणार? हा वाद नोट्स उतरवून कळत नाही. तो भांडावाच लागतो.

म्हणून दरवर्षी आमचा वर्ग सिनेट व्हायचा. खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकायच्या. 'ठेवा' निघाली की बेटं ठेवून घेण्याच्या बाजूनं बोलायचं, 'सोडा' निघाली की सोडून देण्याच्या. चिठ्ठी बदलून मिळत नसे. ऐकायला कुणीही यावं, आई-बाप, इतर वर्ग, रस्त्यावरचा माणूस, पण हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकानं मत दिलंच पाहिजे. आणि मत हातानं नाही, पायानं. तह मंजूर असेल त्यानं उठून खिडकीच्या बाजूला जाऊन बसायचं, नामंजूर असेल त्यानं दाराच्या बाजूला. हात वर करणारा शेजाऱ्याकडे बघून हात वर करतो. खुर्ची सोडून चार पावलं चालायची म्हटली की माणूस विचार करतो. एका वर्षी पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन शिडीवरून उतरून दाराकडे गेला आणि "फुकटात कुणाचं काई घेऊ नाय," म्हणून परत शिडीवर चढला.

आणि तार! प्रत्यक्षात झालं असं, की मतदानाच्या तोंडावर वॉशिंग्टनला बातमी येऊन धडकली, मनिलात अमेरिकन सैनिक आणि बेटवासी यांच्यात गोळीबार सुरू झाला. ती तार आमचे शिपाई कचरूमामा आणत. भाषणं संपली की त्यांनी दार उघडून धापा टाकत यायचं. मामांना हे काम फार आवडे. "मॅडम, लई घात झाला! मनिलात गोळ्या चालल्या!" दरवर्षी ते त्यात थोडी भर घालत. एका वर्षी त्यांनी मनिलाच्या कलेक्टरलाही गोळी लागल्याचं सांगून टाकलं. मी डोळे वटारले तर म्हणाले, "मंग, तेवढ्याबिगर लोकं हालत नाहीत."

हा पेपर पुढे अभ्यासक्रमातून गेला. मंडळाच्या बैठकीत मी भांडले, पण एकटी पडले. त्याची हळहळ आहे, ती असू द्या. मला सांगायचं आहे ते नसरीन आणि विलासच्या वर्षाचं.

नसरीन खुलताबादची. लहानपणी वडील गेले, आजोबांनी वाढवलं. त्यांना ती दादा म्हणे. दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचं अत्तराचं छोटं दुकान होतं. विलास फुलंब्रीचा, घरी मका आणि कापूस, तोंडाची टकळी अखंड चालू. त्या वर्षी नसरीनला 'ठेवा' निघाली आणि विलासला 'सोडा'. दुसऱ्या दिवशी नसरीन स्टाफरूममध्ये येऊन उभी राहिली. हातात पुस्तक नाही, वही नाही.

"मॅडम, मला दुसरी चिठ्ठी द्या."

"मिळत नाही."

"पोलीस अॅक्शनच्या आधी दादा निजामाच्या कचेरीत होते. उर्दूत लिहायचे, अक्षर म्हणे फार सुंदर होतं. भारताची फौज आली आणि सगळं गेलं. त्या वर्षाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. आणि मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणू, की फौज येते ती लोकांच्या भल्यासाठी येते?"

"मग त्यांना बोलावू नकोस."

"येणारच ते! मला एम. ए.ला पाठवायचं म्हणून घरात सगळ्यांशी भांडलेत. पोरगी पहिल्यांदा भाषण करणार म्हणून शेरवानी धुवायला टाकलीय." तिनं टेबलाची कड धरली. "ते मधूनच उठून गेले ना, तर मी परत कॉलेजात येणार नाही. कोणत्या तोंडानं येऊ?"

मी काही बोलायच्या आत विलास आत शिरला. "मॅडम, आमच्या आजोबांनी, तात्यांनी, निजामाच्या जेलात बेड्या ठोकून घेतल्यात. फौज आली तवा गावभर नाचले म्हनं. अन् मी म्हनू, फौजेनं आल्या पावली माघारी जावं? तात्या मला घरात घ्यायचे नाईत!"

दोघं माझ्या टेबलाशी एकमेकांकडे न बघता उभी. मला त्या क्षणी काय सुचलं, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मी म्हटलं, "नसरीन, तू फुलंब्रीला जाऊन याच्या तात्यांसमोर बस. विलास, तू खुलताबादला जाऊन हिच्या दादांसमोर बस. जे बोलायचं ते तिथून घेऊन या."

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, तेव्हाही सांगितली होती. फिलिपाइन्स वेगळं आणि आपलं वेगळं. ती बेटं जगाच्या दुसऱ्या टोकाच्या देशानं ताब्यात घेतली. इथं अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य जाऊन एकाच मातीतली माणसं एक झाली, पुढे सगळ्यांना सारखं मत मिळालं. दोन्ही एकाच मापानं मोजलं असतं तर मी नापास केलं असतं. पण एखाद्या गावात फौज येते तेव्हा दोन घरांत दोन वेगळ्या सकाळी उजाडतात, हे समजायला पुस्तक पुरत नाही.

नसरीन भावाला घेऊन फुलंब्रीला गेली. तात्यांनी आधी, "अमेरिकेचं आमाला काय करायचंय?" म्हणून झापलं, मग चहा पाजला, मग संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. निजामाच्या माणसांच्या भीतीनं ज्वारीत लपून काढलेल्या रात्री सांगितल्या. शेवटी म्हणाले, "बाई, फौजेच्या ट्रका आल्या त्या दिशी मी जल्मात पह्यल्यांदा रस्त्याच्या मधून चाललो. तवर कडंकडंनं चालायचो." नसरीन मला हे सांगताना चालून दाखवत होती, कडेनं कसं आणि मधून कसं.

विलास मात्र हात हलवत परत आला. "मॅडम, ते कायीच बोलले नाईत. नुसता खिमा खाऊ घातला. वरतून पेरू दिले." मी त्याला पुन्हा पाठवलं. तो पुन्हा गेला, दुकानात बसला, बाटल्या पुसल्या, गिऱ्हाइकांना अत्तर लावलं. दुकान बंद करताना दादा आपणहून बोलले. फौज आल्यावर ते रोजच्यासारखे कचेरीत गेले होते, खिशात लेखणी. आत नवी माणसं होती. दादा पायरीवर बसून राहिले. कुणी आत ये म्हणालं नाही, कुणी घरी जा म्हणालं नाही. दुपार टळल्यावर ते उठले. कामानिमित्त दुसऱ्या गावाला गेलेला त्यांचा धाकटा भाऊ त्या दिवसांत परत आलाच नाही. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि कुलूप लावलं. विलास दोन दिवस गप्प होता. एरवी तो गप्प बसला तर ताप आलाय का ते बघावं लागे.

वादाच्या दिवशी हॉल गच्च भरला. तात्यांचे गुडघे धरले होते, ते येऊ शकले नाहीत. दादा आले. पांढरी शेरवानी, हातात काठी, अत्तराचा वास दारापर्यंत. बरोबर मध्ये, तिसऱ्या रांगेत बसले. सभापतीची खुर्ची माझी, घोटभर पाणी प्यायचीही सोय नाही.

विलास आधी बोलला. असा बोलला की मी त्याला दोन वर्षं ओळखत होते यावर माझाच विश्वास बसेना! "सभापती महोदय, स्पेननं बेटं दिली, आपण घेतली. मधल्या माणसाला कुणी विचारलं? मनिलात एक कारकून आहे. काल त्याच्या हाताला वळण होतं, मान होता. आज तो कचेरीच्या पायरीवर लेखणी घेऊन बसलाय. त्याला आत या म्हणायला कुणी नाही आणि घरी जा म्हणायला कुणी नाही. आपण त्याचं भलं करणार आहोत म्हणे. त्याला एकदा विचारा तरी!"

मी दादांकडे बघितलं. काठीवरची बोटं पांढरी पडली होती. नसरीनचा चेहराही तसाच. आता तिला याच्या विरुद्ध बोलायचं होतं.

ती उठली आणि अडखळली. पदर सारखा केला, परत अडखळली. मग एकदम सुरू झाली. "सभापती महोदय, त्या कारकुनाचं दुःख खोटं नाही. पण त्याच बेटावर आणखी एक माणूस आहे. त्याला जन्मभर रस्त्याच्या कडेनं चालायला लावलं. तो ज्वारीत लपून झोपला. आपली जहाजं दिसली तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध आला आणि रडत रडत चालला. आपण परत गेलो, तर त्याला पुन्हा कडेला कोण ढकलेल, ते मला सांगा!" फिलिपाइन्सात ज्वारी पिकते का, हे विचारायचं भान हॉलमध्ये कुणालाच नव्हतं, मलाही नाही.

आणि दादा उठले.

नसरीनचं वाक्य अर्धं तुटलं. सगळा हॉल वळून बघायला लागला. मी खुर्चीत अर्धी उठले, आता हे दाराकडे जाणार आणि पोरगी कायमची घरी बसणार. दादांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, पहिल्या रांगेच्याही पुढे नेऊन ठेवली आणि बसले. "बोलो बेटा, पीछे कान को बराबर आता नै," ते म्हणाले. नसरीन हसली, डोळे पुसले आणि जी सुटली ती सुटली. शेवटी टाळ्यांनी छत पडतंय की काय असं झालं.

त्यात कचरूमामा धापा टाकत आले, "लई घात झाला!" आणि मी टेबलावर हात आपटून मतदान पुकारलं. एकच धांदल! खुर्च्या सरकतायत, माणसं खिडकीकडे, माणसं दाराकडे, "अगं इकडं!", "नाय, मला नाय पटलं!", प्राणिशास्त्राचे सरसुद्धा वर येऊन तावातावानं दाराकडे गेले. मामांनी दोन्हीकडची डोकी मोजली, परत मोजली, माझ्या कानाशी आले. "मॅडम, तह एका मतानं अडला."

आणि व्यासपीठासमोर, दोन्ही बाजूंच्या मधोमध, मोकळ्या जमिनीवर, एकाच खुर्चीवर दादा बसून होते. त्यांनी मत दिलंच नव्हतं.

नसरीन खिडकीकडून उठली, त्यांच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसली. "दादा, आपकी क्या राय है?"

ती कोणत्या बेटांबद्दल विचारत होती, ते मी सांगू शकणार नाही. मग दादा काठी टेकवत उठले. दाराकडून विलास ओरडला, "दादा, हिकडं! हिकडं या!" दादा त्याच्याकडे बघून हसले, वळले, आणि सावकाश चालत खिडकीकडे जाऊन बसले.

तह मंजूर! दोन तृतीयांशाची अट काठावर पार झाली होती, वॉशिंग्टनलाही तशीच झाली होती. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. विलास गर्दीतून वाट काढत आला, अगदी रडकुंडीला. "दादा, तुमचंच म्हननं मांडलं मी! अन् तुमीच पाडलं?"

दादांनी त्याला जवळ ओढलं. "तू मेरे दिल की बोला, बेटा. बिल्कुल सच बोला. पन ये मेरे को पूछी. इत्ते बरसां में पैली बार कोई पूछा. पूछनेवाले को ना कैसा बोलूँ?"

नसरीन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि हसतही होती. मी खाली उतरले तेव्हा माझेही डोळे भरलेले होते, ते लपवायचं भान राहिलं नाही. दादांनी विचारलं, "मॅडम, अगला मामला किसका है? मैं आता."

"पनामाच्या कालव्याचा," मी म्हटलं. "ती जमीन कोलंबियाची होती. अमेरिकेला तिथून कालवा काढायचा होता."

"उसमें भी पूछते ना?"

कोलंबिया नको म्हणत असताना अमेरिकेनं तो तुकडा वेगळा होऊ दिला आणि आपला कालवा खणला. कोलंबियाच्या म्हणण्याला कुणी भीक घातली नव्हती, हे मला पुरतं पाठ होतं.

"औरंगाबादेत विचारणार, दादा," मी म्हटलं.